चहा पाजणारी घरं

सोमवार, ३ फेब्रुवारी

पायांचे तुकडे पडलेत. आज मागच्या गल्लीपासून सुरुवात केली, घरोघर. बरोबर टेलरबाई होती. माझी जिवाची मैत्रीण. अख्ख्या प्रभागाची मापं तिच्याकडे आहेत, कपड्यांची आणि स्वभावांचीही. कुठल्या दारात किती वेळ उभं राहायचं हे ती नुसत्या डोळ्यांनी सांगते.

पॅनेलची बैठक तेवीसला. तिथं उमेदवार ठरतो, मग अर्ज. तोवर दारात जाऊन ‘मला मत द्या’ म्हणायचं नाही, कुणाचंच नाव घ्यायचं नाही, हा पॅनेलचा जुना दंडक. नुसतं ‘लक्ष असू द्या’ म्हणायचं आणि हात जोडायचे. या प्रभागातून माझंच नाव येणार हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी घ्यायचं नाही!

पाच वर्षांपूर्वी ह्यांच्या सलग दोन मुदती झाल्या होत्या. आमच्या पॅनेलच्या नियमानं तिसऱ्यांदा लगेच उभं राहता येत नाही, एक मुदत थांबावं लागतं. म्हणून मला उभं केलं. ‘नाव फक्त तुझं, बाकी मी बघतो,’ असं म्हणाले होते. पहिलं वर्ष तसंच गेलं. मी नगरपालिकेच्या सभागृहात बसून दुसऱ्यांच्या चपला बघायचे. मग मंडईमागच्या उघड्या गटाराचं प्रकरण आलं, एक म्हातारी त्यात पडून पाय मोडून घेऊन बसली, आणि मी पहिल्यांदा उभी राहून बोलले. त्यानंतर बसलेच नाही.

मला परत निवडून यायचंय. गटार अर्धं झाकून झालंय, उरलेलं अर्धं मला झाकलेलं बघायचंय. आणि खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. भांडायला आवडतं. इंजिनिअर मला बघून फाइल शोधायला लागतो, ते तर फारच आवडतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सासूबाईंचं सकाळपासून सुरू. ‘माझ्या खिडकीसमोरचा दिवा किती दिवस बंद आहे? दुसऱ्यांच्या गल्ल्या उजळतेस, घरच्या म्हातारीनं चाचपडत बसायचं!’

आपल्या दारातलं काम सगळ्यात शेवटी, नाहीतर लोक बोटं दाखवतात. हे त्यांना हजारदा सांगून झालंय. त्यांना पटत नाही. जेवायला उशीर झाला, वरून तेही ऐकवलं. आणि पॅनेलचे अध्यक्ष फोनवर फार वेळ बोलतात, तेही माझ्याच माथी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय.

ह्यांनी मला पहिल्याच निवडणुकीत शिकवलेला मंत्र: तक्रार करणारा आपला, चहा पाजणारा गेला. ज्याला आपल्याकडून काम हवंय तो भांडतो, दारातच धरतो, कचऱ्याची गाडी येत नाही म्हणून डोकं खातो. तो मत देणार. ज्यानं मनातून दुसरा धरलाय तो बसा म्हणतो, पंखा लावतो, चहा टाकतो. त्याला अपराधी वाटत असतं ना! अजून एकदाही हे खोटं ठरलेलं नाही.

आज सोसायटीच्या जिन्यात घरामागून घर चहा. तिसऱ्या मजल्यावर तर बिस्किटंही. मागच्या महिन्यात ज्या बाईनं पाण्याच्या दाबावरून माझी सालटी काढली होती, ती आज म्हणते कशी, ‘छे हो वहिनी, तुमच्याकडे कसली तक्रार!’

वहिनी. हे आणखी एक. पहिलं वर्ष मी सगळ्यांची वहिनीच होते, कारण हे सगळ्यांचे भाऊ. गटाराच्या भांडणानंतर हळूहळू ताई झाले. कुणी ठरवलं नाही, आपोआप. आता पुन्हा वहिनी कुठून निघाली? टेलरबाईला विचारलं तर म्हणाली, ‘प्रेमानं म्हणतात हो.’ असेल.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी डोळे उघडले तर हे पलंगाशी कप घेऊन उभे! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं हे ह्यांना माहीत नव्हतं. चहा पाणचट होता. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

गेले काही आठवडे हे बदललेच आहेत. पूर्वी किती कुरकुर. मीटिंग लांबली की तोंड फुगायचं, भाजीत मीठ जास्त झालं की ‘नगरपालिकेतूनच जेवून येत जा’. आता एक शब्द नाही. ‘तू जा, मी बघतो. आईच्या गोळ्या मी देतो.’ टेलरबाईला सांगितलं तर हसली आणि सुईत दोरा ओवत बसली.

मेला हा जन्म सुधारला म्हणायचा!

बुधवार, १२ फेब्रुवारी

मंडईच्या तोंडाशी औषधवाल्या काकांचं नुसतं दुकान आहे, राहतात ते दुसरीकडे. मत त्यांचं दुसऱ्या प्रभागात. तरी पाच वर्षं माझ्यामागे भुणभुण: दुकानासमोरची फरशी उखडलीय, गिऱ्हाईक अडखळतं, तुम्ही करता काय. आज काउंटरवरून खुणेनं आत बोलावलं. म्हणाले, ‘ताई, तुमच्याच जवळचं कुणीतरी फुटलंय. पॅनेलमध्ये तुमच्या नावावर एकमत नाही.’

कोण, विचारलं. ‘मी नाव घेणार नाही. ज्याचं त्यानं बघावं.’ आणि पुन्हा फरशी!

डोकं भणभणतंय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं सगळं. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘जो सांगतो तोच फुटलेला असतो. औषधवाल्याकडे समोरच्या पॅनेलचे लोक रोज बसतात. जरा लक्ष ठेव.’

मला सुचलंच नव्हतं. खरंच की, त्यांच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत आणि त्या कधी रिकाम्या नसतात. आणि तक्रारी तर अशा करतात की बाजूनं जाणाऱ्यालाही ऐकू जाव्यात. बदनामी दुसरी काय असते?

ह्यांचा अनुभव तो अनुभव.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुकानात जाऊन सुनावून आले. चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर. म्हटलं, पोटात एक ओठात एक असलेली माणसं मला नकोत, माझ्या वाटेला जाऊ नका, तुमच्या फरशीचं तुमच्या त्या नव्या मित्रांना सांगा.

ते गोळ्यांची पट्टी कापत होते. कात्री हातातच राहिली. एवढंच म्हणाले, ‘बरं.’

जिंकून आल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दिवसभर उन्हात. घरी येऊन दारातच बसले, चप्पल काढायचंही त्राण नव्हतं. ‘दमले हो मी,’ म्हटलं. हे लगेच पाणी घेऊन आले. ‘दमणारच. किती करशील एकटी?’ इतक्या मायेनं बोलले की डोळे भरून आले.

सासूबाई आतून ओरडल्या, ‘दमायला काय झालं? तो दिवा तर अजून बंदच आहे!’

एकाच घरात ही दोन माणसं. एक मध, एक मिरची.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

टेलरबाईकडे पडदे आणायला गेले. शिलाई घेतली नाही. ‘राहू द्या हो ताई.’ मशीन थांबवून बसायला खुर्ची दिली आणि शेजारच्या हॉटेलातून चहा मागवला.

मी कप हातात घेतला आणि तो चहाचा मंत्र आठवला. मग स्वतःलाच रागावले. निवडणूक डोक्यात गेली की माणूस जिवाभावाच्या मैत्रिणीचाही चहा मोजायला लागतो. परवा बैठक. ती म्हणाली, ‘मी बोलणार आहे बैठकीत.’ मी म्हटलं, बोल गं बाई, तूच बोल.

रविवार, २३ फेब्रुवारी

सगळं क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालंच नाही.

गोदामावरचा हॉल भरलेला होता. मी पुढच्या रांगेत, हे दोन खुर्च्या सोडून. अध्यक्षांनी आमच्या प्रभागाचं नाव पुकारलं. टेलरबाई उभी राहिली. ‘मी सुचवते,’ म्हणाली. मी पदर सारखा केला, उठायच्या बेतात, हात जोडायला पुढे आले सुद्धा.

‘आमच्या भाऊंचं नाव.’

टाळ्या. अशा टाळ्या, की कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं. ज्या जिन्यात मी चहा प्यायले तो अख्खा जिना टाळ्या वाजवत होता. ह्यांनी उठून नमस्कार केला. खिशातून भाषणाचा कागद काढला. म्हणजे भाषण तयार होतं! म्हणाले, ‘हिनं पाच वर्षं माझी जागा फार छान सांभाळली. आता ती दमली आहे. परवा स्वतःच म्हणाली मला, दमले हो मी. तिला आता विश्रांती द्यायला हवी.’

दारात बसून म्हटलं होतं. चप्पल पायात होती.

माझ्या हातात पुष्पगुच्छ आला. कुणी दिला आठवत नाही. अध्यक्ष म्हणाले, वहिनी, दोन शब्द बोला. मी उभी राहिले. पाच वर्षं ज्या तोंडानं इंजिनिअरांना घाम फोडला ते तोंड उघडेना. शेवटी म्हटलं, ‘मंडईमागचं गटार अर्धं राहिलंय.’ आणि खाली बसले.

त्यालाही टाळ्या.

हॉलच्या जिन्यात टेलरबाईची गाठ पडली. तिचा चेहरा बघून मला कळलं की ती खोटं बोलत नाहीये. म्हणाली, ‘ताई, दोन महिन्यांपूर्वीच भाऊंनी शब्द घेतला. म्हणाले, तुमची संमती आहे, तुम्हीच सुचवलंत. तुम्ही तर माझ्याबरोबर दारोदार फिरत होतात. मला वाटलं, भाऊंसाठीच.’

सगळ्यांना हेच वाटलं. नाव घ्यायचं नाही ना! नवऱ्यासाठी बायको हात जोडत फिरतेय, म्हणून वहिनी. आणि ज्यांना मनातून मीच हवी होते त्यांनी मुकाट चहा टाकला.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मी माझ्याच पायांनी त्याचा प्रचार केला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी पलंगाशी चहा. मोरीत ओतला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज विचारलं. ओरडले नाही, ओरडायचं म्हणजे आधी विश्वास बसायला हवा.

‘मला का नाही विचारलंस?’ मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकेरी बोलले. इथंही तो आपोआप ‘तो’ झालाय, आत्ता लक्षात आलं. राहू दे.

म्हणाला, ‘सांगणारच होतो. तू नाही म्हणाली असतीस.’

म्हटलं, मग नाही म्हणू द्यायचं होतंस.

म्हणाला, ‘ती जागा माझी होती. मी दहा वर्षं घासून तयार केली. नियम आडवा आला म्हणून तुला बसवलं. थोडं कौतुक झालं आणि नाकापेक्षा मोती जड झाला. मी नसतो तर तुला कोण ओळखत होतं?’

हे खरं आहे. त्याच्यामुळेच मी तिथं गेले. पण बसवलं त्यानं आणि उभी मी राहिले, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. त्याला खरोखर वाटतं की मी त्याची छत्री धरून उभी होते आणि आता ऊन गेलं.

‘आणि औषधवाले?’ मी विचारलं. ‘त्यांच्यावर माझा संशय का वळवलास?’

त्यावर तो पेपर वाचायला लागला.

परक्यानं गळा कापला असता तर निदान सुरी दिसली असती. ह्यानं केसानं कापला. रोज सकाळी कपबशी घेऊन यायचा. मलाच मंत्र शिकवला, आणि काखेत कळसा असताना मी सगळ्या गल्ल्यांना वळसा घातला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

मुलीचा फोन. ‘आई, बरं झालं ना, आता आराम कर. बाबांनी मला कधीच सांगितलं होतं, तुला आधी सांगू नकोस म्हणाले.’

तिलाही माहीत होतं. मी ‘हो’ म्हटलं आणि कुकरची शिट्टी होतेय असं सांगून फोन ठेवला. कुकर गॅसवर नव्हताच.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

औषधवाल्या काकांकडे गेले. चार गिऱ्हाइकं असतील अशीच वेळ बघून. त्यांच्यासमोर माफी मागितली. ते चष्मा पुसत राहिले. चहा मागवतील की काय या भीतीनं माझा जीव अर्धा झाला.

म्हणाले, ‘माफी ठेवा तिकडे. फरशीचं काय? परवा एक बाई पडता पडता वाचली. मुदत संपेपर्यंत मेंबर तुम्हीच आहात ना?’

रडू आलं मला. दुकानात, सर्दीच्या बाटल्यांसमोर. त्यांना वाटलं फरशीमुळे.

निघताना हळूच म्हणाले, ‘पॅनेलशिवायही अर्ज भरता येतो. सूचक म्हणून प्रभागातला एक मतदार लागतो फक्त. माझं मत इथं असतं तर मीच सही केली असती.’

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

अर्ज आणला. साडीच्या घडीत ठेवलाय. चोरासारखा, माझ्याच घरात.

सूचक कोण? दिवसभर फिरले. टेलरबाई रडली, पण पॅनेलला शब्द दिलाय म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, ‘मनात तुम्हीच हो. पण नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही कसं पडायचं?’ ज्या म्हातारीचा गटारात पाय मोडला होता तिच्या सुनेनं दार उघडून, मला बघून, चहा ठेवते म्हटलं. मी उंबऱ्यावरूनच परत फिरले.

आमच्या घराची एक रीत आहे. सूचक म्हणून सही सासूबाईंची. त्याच्या दोन्ही वेळी त्यांची, पाच वर्षांपूर्वी माझ्या वेळीही त्यांचीच. अख्खा प्रभाग त्यांना ओळखतो. म्हातारीनं सही केली की घर एक आहे असं लोक समजतात. रात्री जेवताना तो म्हणाला, ‘आई, सोमवारी अर्ज भरायचाय. तुला घेऊन जाईन सहीला.’

त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाल्या, ‘आमटी अळणी झालीय. कशात लक्ष नाही तुझं. आणि तो दिवा!’

शनिवार, १ मार्च

आता हेही बघायचं राहिलं होतं. सासूबाई गुडघे दुखतात म्हणून स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. आज संध्याकाळी भिंतीला धरून उठल्या, स्वतःच्या हातानं चहा केला आणि त्याला नेऊन दिला. आलं घालून. पाठीवरून हात फिरवला. तो असा खूष झाला, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा.

शेवटी मुलगा तो मुलगा. मी सून.

रविवार, २ मार्च

अर्ज फाडून टाकावा असं ठरवलं. साडीच्या घडीत हात घातला तर अर्ज तिथं नाही. त्यानंच घेतला असणार. आता विचारायचीही ताकद नाही. उद्या तीन वाजता मुदत संपते. संपू दे.

सोमवार, ३ मार्च

अर्ज सासूबाईंच्या पिशवीत होता.

नगरपालिकेच्या दारात त्यांनी त्याचा हात सोडला आणि घरी फोन करायला लावला. ‘ये लगेच. चष्मा घेऊन ये, माझा घरी राहिलाय,’ असं मला म्हणाल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. मी पोचले तशी खिडकीपाशी त्यांनी कारकुनाला दोनदा विचारून घेतलं: एका मतदाराला एकाच अर्जावर सही करता येते ना? मग पिशवीतून माझा अर्ज काढला आणि पूर्ण नाव लिहून सही केली. तो मागे आपला अर्ज धरून उभा होता.

घरी परतताना रस्ताभर माझ्या दंडाला धरून चालल्या. ‘पाच वर्षं घसा कोरडा केला माझा. आता पुढची पाच वर्षं तरी तो दिवा लावशील की नाही?’